बोगमाळोच्या वाटेवरची निवृत्त विमानं

गोव्याहून परतलेल्या मैत्रिणीला 'काय काय पाहिलंस?' म्हणून विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चेस, तीन-चार किनारे आणि मांडवीतली बोटीची फेरी. येताना पिशवीत काजू आणि कोकमाचं आगळ. यात वाईट काहीच नाही. पण पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जाल, तेव्हा एक सकाळ राखून ठेवा आणि वास्कोहून बोगमाळोच्या रस्त्याला लागा. दाबोळीच्या विमानतळाजवळ, समुद्राच्या अंगाला असलेल्या पठारावर आपल्या नौदलाचं विमान-संग्रहालय आहे. वास्कोपासून अंतर सहाएक किलोमीटर. १९९८ साली ते सुरू झालं.

'विमानं बघायची ती मुलांनी आणि पुरुषांनी, आपण तोवर सावलीत बसू' असं तुमच्या मनात येत असेल, तर थोडं थांबा. मी तुम्हांला तिथे नुसतं फिरायला नेत नाहीये. एक छंद दाखवायला नेतेय. कात्रीचं काम, नजरेचं काम आणि थोडी सचोटी एवढ्यावर तो चालतो. म्हणजे आपल्याला जमण्यासारखाच!

अंगणातली मंडळी

नौदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोटी येतात. पण समुद्रावर तरंगणारा विमानतळ म्हणजे विमानवाहू नौका. आपली पहिली अशी नौका 'विक्रांत', १९६१ साली नौदलात आली. तिच्यावरून उडणारी आणि तिच्यावरच उतरणारी विमानं वेगळ्या जातीची. जागा कमी म्हणून पंख घडी करून उभी राहणारी, उतरताना शेपटीखालचा आकडा नौकेवरच्या तारेत अडकवून थांबणारी. गोवा मुक्त झाल्यावर नौदलाचा 'हंसा' हा तळ दाबोळीला आला. म्हणून या विमानांचं म्हातारपणही इथेच चाललंय.

संग्रहालयाच्या आवारात ती उघड्यावर उभी आहेत. सगळ्यांत मोठं सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, लांबलचक देह आणि शेपटीला एक सोडून तीन उभे पंख. १९५० च्या दशकात याच जातीच्या विमानांनी एअर इंडियाचे प्रवासी मुंबईहून लंडनला जात. पुढे ही विमानं वायुदलात गेली आणि १९७६ साली तिथून नौदलाकडे आली, समुद्रावर नजर ठेवायला. जवळच सीलँड आहे. त्याचं पोट होडीसारखं, कारण ते जमिनीवरही उतरायचं आणि पाण्यावरही. १९५३ साली या जातीची विमानं कोचीला आली, तीच नौदलाची पहिली विमानं. मग पाणबुड्या शोधणारं फ्रेंच अलीझे. त्याचं नाव वाऱ्यावरून ठेवलेलं. भूगोलात आपण शिकलो ते व्यापारी वारे, तेच हे. जागच्या जागी सरळ खाली उतरू शकणारं सी हॅरियर, जे २०१६ साली निवृत्त झालं. आणि सी हॉक.

सी हॉकपाशी जरा जास्त वेळ थांबा. एका वैमानिकाचं, ब्रिटिश बनावटीचं, सरळ पंखांचं हे जेट विमान. १९६० पासून १९८३ पर्यंत ते आपल्या नौदलात होतं. १९७१ च्या युद्धात, ४ डिसेंबरला, 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढवले. रात्रीच्या कामगिरीवर अलीझे विमानं जात. तेव्हा आपल्यापैकी कित्येकींचा जन्मही झालेला नव्हता, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. खिडक्यांच्या काचांना लावलेले काळे कागद त्यांना नक्की आठवतील.

फोटो काढला, पण…

आता सगळे करतात तेच तुम्हीही कराल. मुलांना चाकापाशी उभं करून फोटो काढाल. घरी येऊन पाहाल, तर मागे कुंपण, एका बाजूला माहितीची पाटी, चाकाखाली आधाराला काहीतरी लावलेलं, आणि कुण्या परक्या माणसाची अर्धी पाठ. विमान आलंय खरं, पण उडण्याची त्याची ऐट कुठेच नाही. लग्नातला शालू खुंटीला टांगून ठेवलेला पाहावा, तसं वाटतं.

अशी जमिनीवरची विमानं पुन्हा आभाळात दाखवण्यासाठीच जोडफोटो करतात. विमानाचा फोटो एक, आभाळाचा दुसरा, समुद्राचा तिसरा. तिन्हींतून हवं तेवढं घेऊन एक चित्र करायचं. जगभर हौशी माणसं हे करतात, कारण यांतली बरीच विमानं आता कुठेच उडत नाहीत. काहींचे उडतानाचे फोटो आहेत, पण थोडे, धूसर आणि कृष्णधवल.

ही कल्पना काही आपल्याला परकी नाही बरं का! गावच्या जत्रेत फोटोवाल्याच्या तंबूत पुठ्ठ्याचं विमान असायचं, आठवतं? त्याच्या खिडकीतून तोंड बाहेर काढायचं, मागे पडद्यावर रंगवलेले ढग. आमच्या सासूबाईंचा तसा एक फोटो आहे. त्या आणि त्यांच्या दोन बहिणी, तिघी विमानात, डोक्यावर पदर, चेहरे गंभीर. तो फोटो कुणी खरा समजत नाही आणि म्हणूनच तो कुणाला फसवत नाही. जोडफोटोची गोष्ट वेगळी. तो नीट जमला तर खराच वाटतो. मग जबाबदारी वाढते.

जुनीच विद्या

कॉम्प्युटर आल्यावर हे सुरू झालं, असं समजू नका. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची चित्रं करत असे. त्या वेळच्या काचांवर निळा रंग इतका जोरात उमटे, की समुद्र नीट घेतला तर आभाळ पांढरं फटक यायचं. यानं युक्ती केली. समुद्राची काच एक, ढगांची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच छाप काढला.

विमानांच्या बाबतीत फ्रँक हर्ले या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचं नाव घ्यावं लागतं. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत बर्फात अडकलेल्या शॅकल्टनच्या जहाजाचे फोटो काढणारा तोच हा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तो ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून बेल्जियमच्या आघाडीवर गेला. त्याचं म्हणणं असं, की लढाई एका निगेटिव्हमध्ये मावतच नाही. सैनिक खंदकातून निघतात तेव्हा वर विमानं नसतात आणि तोफगोळा फुटतो तेव्हा कॅमेरा दुसरीकडे असतो. म्हणून त्यानं वेगवेगळ्या निगेटिव्हमधून सैनिक, धूर आणि विमानं एकत्र आणली. १९१८ साली लंडनच्या प्रदर्शनात त्याचं असंच एक चित्र लागलं. १२ निगेटिव्ह जोडून केलेलं, सुमारे २० फूट रुंदीचं!

पण सैन्याचा इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन त्याच्यावर संतापले. या चित्रांना ते सरळ 'बनावट' म्हणत. पुढच्या पिढ्या यावरूनच युद्ध समजून घेणार. त्यांना खोटं कसं द्यायचं, हा त्यांचा सवाल. हर्लेनं राजीनाम्याची धमकी दिली. अखेर, काही चित्रं जोडून करावीत, मात्र ती जोडलेली आहेत हे सांगावं, अशी तडजोड झाली.

दुसरी हकीकत तर एखाद्या कादंबरीत शोभेल. १९३३ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाची रोजनिशी आणि त्यानं हवेत काढलेले फोटो. फोटोही कसे? विमानं एकमेकांवर आदळताहेत, पेटून खाली जाताहेत. असे फोटो कुणी पाहिलेच नव्हते. मिसेस कॉकबर्न-लँग या नावाच्या बाई ते पुढे आणत होत्या. पन्नासएक वर्षं लोक ते पाहत राहिले, छापत राहिले. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयाकडे काही जुनं सामान आलं आणि त्यातून उलगडा झाला. सिनेमासाठी प्रतिकृती बनवणाऱ्या वेस्ली आर्चर नावाच्या माणसानं छोटी छोटी विमानं तयार करून, खऱ्या आभाळाच्या फोटोंवर बसवून ते सगळे फोटो केले होते. आणि त्या मिसेस कॉकबर्न-लँग म्हणजे आर्चरची बायको!

या दोन माणसांचं काम जवळजवळ सारखंच. एकाची गोष्ट ठाऊक होती म्हणून त्याची चित्रं आज मानानं जपली जातात. दुसऱ्यानं ती दडवली, म्हणून त्याचं कौशल्यही फसवणुकीच्या खाती जमा झालं.

आमच्या घरचं सी हॉक

आमच्या धाकट्या दिरांना या जोडफोटोंचा नाद. ते काम कॉम्प्युटरवर करतात, पण विमान कडेकडेनं कापून घेण्याचं काम माझ्याकडे असतं. ब्लाऊज बेतणाऱ्या हाताला ते लवकर साधतं. गळ्याच्या गोलाईला जशी कात्री सावकाश वळवायची, तसं इथे पंखाच्या टोकाला आणि काचेच्या घुमटाला सावकाश जायचं. घाईत कापलं की कडेला कुंपणाची हिरवी किनार राहते, आणि चोरी तिथेच उघडी पडते.

सी हॉक निवडलं ते ह्यांच्या मामांसाठी. मामा नौदलात होते, सी हॉकच्या देखभालीवर. ऐन उमेदीची वर्षं त्यांची त्या विमानाचे नट-बोल्ट तपासण्यात गेली. मामी तेव्हा गावी, सासू-सासऱ्यांपाशी. पत्रांतून 'विमानाचं काम फार आहे' एवढंच यायचं. कामाच्या जागी कॅमेरा नेण्याची सोय नव्हती. मामांपाशी एकच सामुदायिक फोटो आहे, त्यात मागे विमानाचं नाक तेवढं दिसतं. ज्या विमानापायी आपला नवरा वर्षावर्षात घरी येत नव्हता, ते विमान उडताना कसं दिसतं, हे मामींनी कधी पाहिलंच नाही.

काम सुरू करण्याआधी दिरांनी मामांना विचारलं, आणि मामांनी यादीच सांगितली. 'उडताना दाखवणार असाल तर चाकं आत हवीत, त्यांची झाकणं बंद हवीत, आकडा वर हवा. उतरताना दाखवणार असाल तर चाकं खाली आणि आकडाही खाली. अर्धं हे, अर्धं ते करू नका. आणि सूनबाई, आत माणूस बसव हो! रिकामं विमान उडत नाही.'

किती साधी गोष्ट, पण संग्रहालयातल्या विमानात वैमानिक नसतोच. तो वेगळा आणून काचेआड बसवावा लागतो. चाकांचंही तसंच. उभ्या विमानाचं सगळं ओझं पायांवर असतं, म्हणून पाय दबलेले असतात. हवेत गेलं की ते ओझं उतरतं आणि पाय लांब होतात. चाकं खाली दाखवायची तर ती तेवढी खाली ओढावी लागतात. सी हॉकला पुढे पंखा नाही, ते एक बरं. अलीझेला आहे. उभ्या विमानाची पाती एक-एक करून मोजता येतात. उडत्या विमानाचा पंखा म्हणजे नुसती झिरझिरीत चकती. घरातला छताचा पंखा चालू करून पाहा, म्हणजे कळेल. पाती स्पष्ट ठेवून विमान ढगात ठेवलंत, तर जाणता माणूस हसेल.

सगळ्यांत अवघड म्हणजे उजेड. विमानाच्या फोटोत ऊन डावीकडून असेल, तर ढगांवरही ते डावीकडूनच हवं. सकाळच्या कोवळ्या उन्हातलं विमान आणि भर दुपारचं आभाळ यांचं कधी जमत नाही; पत्रिका न जुळलेली दिसते! शिवाय गोव्याची तांबडी जमीन. तिचा रंग विमानाच्या पोटावर उमटतो. समुद्रावर उडणाऱ्या विमानाच्या पोटावर तांबूस झाक कुठून येणार? ती काढून तिथे निळसर छटा द्यावी लागते. लांबची वस्तू हवेतून थोडी फिकी दिसते, हेही सांभाळावं लागतं. समुद्राचा फोटो आम्ही बोगमाळोच्याच बाजूनं, उंचावरून घेतला. ढग आंबोलीच्या घाटातले.

मधे एकदा दिरांच्या मित्रानं सुचवलं, 'खाली विक्रांत नौका टाका ना, मजा येईल!' आणि नव्या 'विक्रांत'चा फोटो त्यांनी पाठवला. दिसायला चित्र झकास झालं असतं. पण नवी 'विक्रांत' नौदलात आली २०२२ साली. सी हॉक निवृत्त झालं १९८३ ला. दोघांची गाठ कधी पडलेलीच नाही. जुनी 'विक्रांत' १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये तिला मोडायला सुरुवात झाली. तिच्या पोलादातला काही भाग वितळवून बजाज कंपनीनं २०१६ साली 'व्ही' नावाच्या मोटारसायकलीसाठी वापरला. म्हणजे ज्या नौकेवरून सी हॉक उडालं, ती आज डोळ्यांनी पाहायची सोयच उरलेली नाही. अशा वेळी चुकीचं चित्र फार चटकन इतिहासाच्या जागी जाऊन बसतं. कुणाची मुलं शाळेच्या तक्त्यावर तेच चिकटवतील, आणि मी शिक्षिका म्हणून सांगते, तक्त्यावर एकदा चिकटलेलं मुलांच्या डोक्यातून निघता निघत नाही. आम्ही नौका घातलीच नाही. खाली नुसता समुद्र ठेवला.

चित्र मोठं करून आणलं, तेव्हा मामी चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग मला विचारलं, 'हे खरंच उडताना काढलंय का गं?'

मामा गप्प. दीर माझ्याकडे बघताहेत. 'हो' म्हटलं असतं तर त्या क्षणी सगळ्यांनाच आवडलं असतं. मी म्हटलं, 'नाही मामी. विमान खरं आहे, ते गोव्याला जमिनीवर उभं आहे. समुद्र खरा, ढगही खरे. एकत्र आम्ही आणलंय.'

मामी मामांकडे वळल्या. 'पण दिसायचं असंच ना?'

'असंच,' मामा म्हणाले. 'फक्त आवाज फार असायचा.'

मामींना तेवढं पुरलं. फोटोच्या मागे आम्ही लिहून ठेवलंय : जोडफोटो, विमान गोव्याच्या संग्रहालयातलं, समुद्र बोगमाळोचा, ढग आंबोलीचे, आणि तारीख. उद्या आम्ही कुणी नसलो तरी पाहणाऱ्याला कोडं पडायला नको. हल्ली तर दोन ओळी लिहिल्या की कॉम्प्युटर आपणहून हवं ते चित्र काढून देतो. तिथे ना विमान खरं असतं, ना ढग. तेव्हा पाठीवरच्या या चार ओळींची गरज पूर्वीपेक्षा जास्तच आहे.

तुम्ही जाल तेव्हा

संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. वेळा आणि कॅमेऱ्याचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्या. शेजारी नौदलाचा चालता तळ आहे. कॅमेरा आवारातल्या विमानांकडेच ठेवा, भिंतीपलीकडे किंवा धावपट्टीकडे वळवू नका.

सकाळी लवकर पोचा. ऊन तिरकं असतं आणि गर्दीही कमी. टोप्या आणि पाण्याची बाटली बरोबर हवी, विमानं उघड्यावर आहेत. ऊन चढलं की आतल्या दालनांत शिरा. तिथे नौकांच्या प्रतिकृती, इंजिनं, शस्त्रं असं बरंच बघायला आहे.

जोडफोटोसाठी विमान घ्यायचं तर अगदी जवळ जाऊ नका. जवळून नाक भलतंच मोठं येतं. चार पावलं मागे सरा, थोडं खाली वाका, आणि पंखाचं टोक कुठे कापलं जात नाही ना ते पाहा. एकाच विमानाचे चारी बाजूंनी फोटो घ्या. माहितीच्या पाटीचाही एक फोटो घ्याच, घरी आल्यावर कुठलं कुठलं तो गोंधळ होत नाही. परतीच्या वाटेवर ढगांचे फोटो काढून ठेवा आणि ऊन कुठल्या बाजूला होतं ते तिथल्या तिथे टिपून ठेवा.

आणि घरात, शेजारात कुणी नौदलातून किंवा वायुदलातून निवृत्त झालेलं असेल, तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. चहा होईपर्यंत निम्मी यादी तयार होते.